शेवटचं पाणी

उत्तमनानांची कुणाशी नवी ओळख झाली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तुमचं लग्न कोणत्या साली झालं?"

समोरच्याला वाटतं, म्हातारा रिकामा आहे, आता मुलं किती, सून कुठली, हे सगळं येणार. तो साल सांगतो. साल दोन हजारच्या पुढचं निघालं तर नानांचा त्या माणसातला रस तिथेच संपतो. पण साल जुनं असलं आणि लग्न धुळ्याकडचं असलं, की नाना खुर्ची पुढे ओढतात आणि आवाज उतरवून विचारतात, "निगेटिव्ह आहेत का घरात?"

माणसं दचकतात. नशिराबादला एका साखरपुड्यात नानांनी हा प्रश्न अशा गृहस्थाला विचारला, ज्याचा बायकोशी दावा कोर्टात चालू होता. त्याला वाटलं, हा बायकोच्या वकिलाने पाठवलेला माणूस. त्याने नानांना मांडवातून उठवून पार महामार्गापर्यंत हाकलत नेलं. नाना चालता चालता त्याला सांगत होते, "दावा चालू द्या हो, पण निगेटिव्ह ओल्या जागी ठेवू नका!"

स्वतः नानांनी लग्न केलेलं नाही. धुळ्यातल्या एका कलर लॅबमध्ये त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नाचे रोल धुतले. मोबाइल आले, लॅब बंद पडली, मालक गेला. नाना उरले. दीड वर्षापूर्वी ते धुळं सोडून जळगावला आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आले. आईने विचारलं, "जळगावला कोण आहे तुमचं?" नाना म्हणाले, "कुणी नाही. इथलं ऊन चांगलं आहे."

जळगावच्या उन्हासाठी जळगावला राहायला आलेला माणूस आमच्या गल्लीने तोवर पाहिलेला नव्हता. इथली माणसं उन्हाला शिव्या घालत जन्मतात. मी तेव्हाच आईला म्हटलं, हा माणूस काहीतरी लपवतोय.

उन्हाचं कारण मात्र अगदीच खोटं नव्हतं. हल्ली कॉलेजच्या पोरांना पुन्हा रोलच्या कॅमेऱ्याचं वेड लागलं आहे. ती पोरं नानांना कुरिअरने रोल पाठवतात आणि नाना ते घरीच धुतात. रंगीत रोलच्या औषधाला अडतीस अंश लागतात, कमी नाही, जास्त नाही. पुण्या-मुंबईकडे त्यासाठी पाणी तापवतात. आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी एप्रिलमध्ये इतकं कढत येतं की नाना त्यात बर्फ घालतात. पण होळीच्या आगेमागे काही दिवस असे येतात की दुपारी एका ठरावीक वेळी नळाचं पाणी आपोआप अडतीसवर येतं. नाना न्हाणीच्या नळाखाली थर्मामीटर धरून बसलेले असतात. पारा जागेवर आला की आतून आरोळी येते, "लागलं!" गल्लीतल्या बायका त्यावरून पापड उलटायला जातात.

न्हाणी अशी रोलना दिल्यामुळे नाना आंघोळ मागच्या अंगणात करतात. शेवटचा तांब्या बॅटरीच्या पाण्याचा.

हे बॅटरीचं पाणी म्हणजे गाडीच्या बॅटरीत घालतात ते, क्षार काढलेलं पाणी. नानांच्या कापडी पिशवीत त्याची बाटली कायम असते. आमच्याकडे चहा झाला की ते कप धुतात आणि वरून बॅटरीचं पाणी फिरवतात. चष्म्यावर तेच. द्राक्षांवर तेच. बॅटरीच्या दुकानातला माणूस एकदा वैतागून म्हणाला, "नाना, महिन्याला पाच डबे नेता. तुमची गाडी तरी दाखवा एकदा." नाना म्हणाले, "गाडी नाही. जळगावचं पाणी जड आहे. वाळलं की डाग ठेवतं. मला डाग नको."

त्यांचं एक पेटंट वाक्य आहे. चिडले, आनंदले, कुणाच्या मयतीला गेले, तरी तेच. नाना मूळचे शिरपूरकडचे; एरवी शुद्ध बोलतात, पण हे वाक्य घरच्याच बोलीत येतं. "शेवटनं पानी चुकनं, ते बठ्ठंच चुकनं!" बठ्ठं म्हणजे सगळं.

एकदा मी विचारलं, असं काय असतं त्या शेवटच्या पाण्यात? नानांनी मला पाऊण तास उभं केलं. रोल आधी डेव्हलपरमध्ये जातो, मग ब्लीच-फिक्समध्ये, मग साध्या पाण्यात धुतात आणि सगळ्यात शेवटी एक औषधी पाणी देतात. नवे रोल असतील तर टिकाऊपणाचं औषध त्यांच्या अंगातच घातलेलं असतं. त्यांना शेवटी नुसतं साबणासारखं पाणी पुरतं, डाग पडू नयेत आणि बुरशी धरू नये म्हणून. जुन्या रोलचं तसं नाही. त्यांच्या शेवटच्या पाण्यात फॉर्मलिन लागतंच. नाहीतर किरमिजी रंग हळूहळू मरतो.

"लोक पहिल्या औषधाला जपतात," नाना म्हणाले. "तिथे चुकलं तर त्याच दिवशी दिसतं, मालक कान धरतो. शेवटच्या पाण्यात चुकलं तर वीस वर्षांनी दिसतं, पोरी. तेव्हा कोण कुणाचा कान धरणार?"

फॉर्मलिन हा शब्द ऐकला आणि माझं डोकं तापलं.

इथे माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी पत्रकांवर वाढले. माझे बाबा एका छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते आणि उरलेल्या वेळात चळवळीची पत्रकं लिहीत. अंकलिपीच्या आधी मी "बंधू-भगिनींनो, जागे व्हा" वाचायला शिकले. बाबांचा एक दंडक होता. पत्रकाखाली लिहिणाऱ्याचं नाव आणि घरचा पत्ता असलाच पाहिजे. निनावी पत्रक काढणारा भेकड, असं ते म्हणत. बाबा गेले त्याला आता सहा वर्षं झाली. पत्रकं मी काढते.

आणि माझा चंदूमामा, आईचा सख्खा भाऊ, आमच्याच वॉर्डातली गटारं काढतो. ठेकेदाराने दिलेले हातमोजे पंधरा दिवसांत फाटतात. त्यानंतर नुसते हात.

म्हणजे नाना फॉर्मलिन वापरणार, ते न्हाणीच्या मोरीतून गटारात जाणार आणि त्यात माझा मामा हात घालणार. फॉर्मलिनने कर्करोग होतो हे शाळेतल्या पोरालाही कळतं. आणि नानांचा स्वतःचा पुरावा तर रोज सकाळी आमच्या दारात उभा असे. हातात दुधाचं भांडं. "ताई, जरा हुंगून सांगा. नासलं का?" नानांना वास येत नाही. दूध उतू जाऊन करपलं तरी कळत नाही. तीस वर्षं लॅबमधल्या फॉर्मलिनच्या टाकीवर वाकून त्यांचं नाक गेलं. हे त्यांना ठाऊक आहे आणि तरी ते त्याच बाटलीचं बूच उघडतात!

मी त्या दिवशी बसून पत्रक लिहिलं. "गल्लीतल्या सुज्ञ नागरिकांनो! काही बेजबाबदार व्यक्ती आपल्या छंदापायी विषारी रसायने गटारात सोडत आहेत. त्या गटारात उतरणाऱ्या माणसाला फुप्फुस नसते काय?" खाली माझं नाव, पत्ता. पंचवीस घरांत टाकलं. सव्विसावं नानांच्या दाराला खळीने चिकटवलं.

आई म्हणाली, "यशू, शेजारी आहेत गं ते. तोंडाने सांगितलं असतंस."

"तोंडाने सांगितलेलं विसरतात. छापलेलं राहतं," मी म्हटलं. हेही बाबांचंच.

संध्याकाळी नाना आले. पत्रक दारावरून अलगद सोडवून, घडी घालून आणलेलं. मी भांडायच्या तयारीत उंबऱ्यात उभी राहिले. त्यांनी पत्रक उघडलं. "काही बेजबाबदार व्यक्ती" या शब्दांवर लाल पेन्सिलीने काट मारली होती आणि वर लिहिलं होतं, "उत्तमनाना, घर क्रमांक चार."

"मोघम कशाला लिहितेस, पत्रकबाई?" ते म्हणाले. "गल्लीत फॉर्मलिन दुसरं कोण वापरतं? मी केलंय तर माझं नाव घाल."

नानांनी पिशवीतून लेबल फाटलेली एक तपकिरी बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. "ही तुझ्याकडे ठेव. आजपासून बंद."

"आणि बाकीची औषधं?"

"डब्यात भरून ठेवतो. गटारात थेंब जाणार नाही."

ते त्यांनी पाळलं. खाटेखाली एकेक डबा साठू लागला. होळी येईपर्यंत अकरा डबे झाले, खाटेखाली जागा संपली आणि नाना खाट चार विटांवर चढवून तिला स्टूल लावून झोपायला चढू लागले. मी बाटली बाबांच्या जुन्या पत्रकांच्या कपाटात ठेवली. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो का होत नाही, हे मला कळत नव्हतं.

दुसरी एक गोष्ट मात्र कळायला लागली आणि ती मला जास्त झोंबली.

नानांनी गल्लीतल्या एकूण एक घरात लग्नाचं साल विचारलं होतं. समोरच्या पाटलांना विचारलं. कोपऱ्यावरच्या सोनारांना विचारलं. भाड्याने राहणाऱ्या मास्तरांना, इस्त्रीवाल्याला, गॅसची टाकी घेऊन येणाऱ्याला विचारलं. आमच्या घरात रोज चहा पिणाऱ्या या माणसाने माझ्या आईला मात्र दीड वर्षात एकदाही विचारलं नाही, ताई, तुमचं लग्न कधीचं?

गल्लीत बौद्धांचं घर आमचं एकट्याचं. चहा चालतो, दूध हुंगून घ्यायला चालतं. लग्न मात्र विचारात घ्यायचं नाही! अशी सभ्य माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. शिवी देणाऱ्याला उत्तर देता येतं. न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर कसं द्यायचं?

खरं म्हणजे विचारलं असतं तरी दाखवायला आमच्याकडे काही नव्हतं. आई-बाबांच्या लग्नाचा एकही फोटो नाही. लग्न धुळ्याला झालं, आईच्या माहेरी. बाबांच्या मित्राने, भास्करकाकांनी, फुकट फोटो काढले होते. रोल लॅबमध्ये टाकला, आणि तो कोरा निघाला. भास्करकाकांनी कॅमेऱ्यात रोल नीट भरलाच नव्हता म्हणे. बाबा हसण्यावारी न्यायचे, "आपलं लग्न कागदोपत्रीच." काकांना ते हसणं सोसलं नाही. त्यांनी येणं-जाणं सोडलं. बाबांच्या मातीलासुद्धा ते लांब उभे होते.

होळीनंतरच्या रविवारी नाना चहाला आले. चंदूमामाही आला होता. बोलता बोलता मामाने मुलाच्या लग्नाचा विषय काढला आणि मी तोफ डागली.

"नाना, एक विचारू? सगळ्या गल्लीची लग्नं विचारलीत. आमचंच कसं राहिलं?"

"यशू," आई म्हणाली.

"थांब आई. आमची लग्नं लग्नं नसतात का, नाना? की आमच्या निगेटिव्हला तुमचं शेवटचं पाणी चालत नाही?"

मामाने कप खाली ठेवला. नाना माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी कप बशीत ठेवला. मग ते उठले आणि घरी गेले.

"शाबास," मामा म्हणाला. "म्हाताऱ्याला मारलंस."

मी गुर्मीतच होते. पाच-सात मिनिटांनी नाना परत आले. हातात फराळाचा एक लहान स्टीलचा डबा. तो त्यांनी आईच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः खाली जमिनीवर बसले. खुर्ची रिकामी असताना.

डब्यात एक रोल होता. पत्रकात गुंडाळलेला.

पत्रक पिवळं पडलं होतं. मी उचललं आणि पहिली ओळ वाचली तेव्हाच अक्षरांची जुळणी ओळखली. "बंधू-भगिनींनो! आम्ही दोघे आज हुंडा न घेता, मानपान न करता विवाह करीत आहोत." खाली बाबांचं नाव. खाली आमच्या याच घराचा पत्ता.

"रोल कोरा नव्हता, ताई," नाना म्हणाले. "तो धुतलाच नाही."

मग त्यांनी सांगितलं. मान वर न करता सांगितलं. त्या वर्षी लग्नसराईत लॅबमधलं शेवटच्या टाकीचं औषध संपलं. मालक म्हणाला, साध्या पाण्यातून काढ, डिलिव्हरी दे, आज कुणाला दिसतंय? नानांनी आठ लग्नं साध्या पाण्यातून काढली. नववा रोल हातात आला तेव्हा त्याच्याभोवती हे पत्रक होतं. ते त्यांनी वाचलं. त्यांना वाटलं, ही माणसं खरं वागतात, यांचा रोल तरी नीट करू. औषध दोन दिवसांत येणार होतं. त्यांनी रोल खिशात घातला.

"दुसऱ्याच दिवशी तुमचे भास्करभाऊ आले. मालकाने शोधलं, रोल सापडेना. त्याने सरळ सांगून टाकलं, कोरा निघाला, तुम्ही नीट भरला नव्हता. मी तिथेच होतो, ताई. चार हातांवर. खिशात रोल. बोललो असतो तर नोकरी गेली असती. नाही बोललो. आणि एकदा कोरा म्हटलेला रोल मग कुठल्या तोंडाने आणून द्यायचा?"

आईने माझ्या हातातलं पत्रक घेतलं.

"त्या आठ जणांना मी शोधून काढलं. साक्रीला दोघं, दोंडाईचाला एक, असे करत बठ्ठे. त्यांच्या निगेटिव्ह आणून पुन्हा औषधातून काढल्या. गेलेला रंग येत नाही, पण उरलेला थांबतो. एवढ्यासाठी मी लोकांना विचारत फिरतो. सवय लागली, आता कुणालाही विचारतो. तुमचा पत्ता पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होता. तोच विचारायची हिंमत नव्हती."

मी मघाशी काय बोलले होते ते माझ्या कानांत अजून होतं.

मग आई म्हणाली, "नाना, आता धुतला तर काही निघेल?"

"निघेल न निघेल. अठ्ठावीस वर्षं झाली. आतल्या आत काळा झाला असेल."

"मग बघा ना."

नानांनी दाराबाहेर पाहिलं. ऊन पायरीच्या दुसऱ्या फरशीवर आलं होतं. "अडतीसची वेळ होत आली," ते पुटपुटले. आणि मी पहिल्यांदा नानांना घाबरलेलं पाहिलं.

न्हाणीत आम्ही चौघं मावत नव्हतो. नाना आत, मी उंबऱ्यावर, आई आणि मामा माझ्या मागे. बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत हात घालून नाना रोल चक्रीवर चढवत होते. जुना रोल आक्रसलेला; पुन्हा पुन्हा अडकत होता. नानांचे डोळे मिटलेले, कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर. "फाटू नको रे बाबा," ते पिशवीशी बोलत होते. शेवटी आत चक्रीच्या डबीचं झाकण टक् करून बसलं. त्यांनी श्वास सोडला.

पारा जागेवर आला. त्या दिवशी आरोळी आली नाही. डेव्हलपर आत गेलं. सव्वातीन मिनिटं. नाना डबी उलटीसुलटी करत मोठ्याने आकडे म्हणत होते, आणि एकशेदहाच्या पुढे मामाही त्यांच्याबरोबर म्हणायला लागला. मग ब्लीच-फिक्स. मग धुणं, सात वेळा. आईने माझ्या दंडाला धरलं होतं. तिची नखं रुतत होती.

नानांनी डबी उघडली. रोल उजेडात आला, ओला, गढूळ तपकिरी. हातभर उलगडला, काहीच नाही. आणखी हातभर. काहीच नाही. नुसता चहाचा रंग.

"गेलं," मामा म्हणाला.

"थांबा," नाना म्हणाले. रोलचा आतला, घट्ट गुंडाळलेला भाग त्यांनी खिडकीसमोर धरला. तिथे तीन चौकटी होत्या. पुसट, पण होत्या.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. आईची पांढरी साडी काळी दिसत होती. पलीकडे कोट घातलेला कुणीतरी. "हा मी!" मामा ओरडला. "हा कोट मी मागून आणला होता!" आणि मधल्या चौकटीत नवरदेव, गळ्यात हार, पाहुण्यांना काहीतरी कागद वाटतो आहे. स्वतःच्या लग्नात माणूस पत्रकं वाटतो आहे. ही गोष्ट आई सांगायची तेव्हा मला ती थाप वाटायची.

आई पुढे झाली. तिने चष्मा वर केला आणि फार जवळून बघितलं.

"यांचे केस," ती म्हणाली.

काळे केस निगेटिव्हमध्ये पांढरे दिसतात. बाबा गेले तेव्हा त्यांच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता. म्हातारे झालेले ते कसे दिसले असते, हे आम्ही त्या खिडकीत उभं राहून बघत होतो.

नानांनी डोळे पुसले आणि मान खाली घालून भगुन्यात बॅटरीचं पाणी ओतलं. त्यात घालायला त्यांनी नव्या रोलच्या त्या साबणासारख्या औषधाकडे हात केला. तिथे दुसरं काही नव्हतंच. दुसरी बाटली माझ्या कपाटात होती.

"नाना, हा जुना रोल आहे," मी म्हटलं.

"आहे."

"मग याने काय होईल?"

"डाग पडणार नाहीत."

"आणि रंग?"

"काही वर्षं राहील." ते माझ्याकडे बघत नव्हते. "मी तुझं पत्रक वाचलंय, पोरी. शब्द दिलाय."

"आता असाच वाळवू. दुसरं एखादं बिनविषारी औषध मागवू आणि मग—"

"करता येतं तसं," नाना म्हणाले. "तेव्हाही मी हेच म्हटलं होतं. दोन दिवसांनी करू."

तत्त्व माझं होतं, छापलेलं होतं, खाली नाव होतं. आणि समोर बाबांचे पांढरे केस थेंब थेंब गळत होते. माझ्याने नाही म्हणवत नव्हतं. हो म्हटलं असतं तर त्या पंचवीस घरांत जाऊन काय सांगणार होते?

मागून मामा बोलला. "कोणत्या बाटलीचं चाललंय?"

"फॉर्मलिन," मी म्हटलं. "विषारी आहे, मामा. तुझ्यासाठीच बंद केलं."

"माझ्यासाठी? पत्रक माझ्या नावाने काढलंस, मला विचारलंस कधी?" तो हसत नव्हता. "गटारात काय काय येतं ते मी सांगतो तुला, बस एकदा माझ्यासमोर वही घेऊन. ती बाटली गटारात जाणार आहे का, नाना?"

"थेंब नाही. बाराव्या डब्यात."

"मग भाची, उभी काय राहिलीस? माझा कोट आहे त्यात."

मी धावत गेले. कपाट उघडलं, पत्रकांच्या गठ्ठ्यामागून बाटली काढली. परत आले तेव्हा नानांनी खिडकी सताड उघडली होती, आईला बाहेर अंगणात काढलं होतं आणि स्वतःच्या तोंडाला ओला टॉवेल बांधला होता. माझ्यासाठी रबरी हातमोजे काढून ठेवले होते. "तू ओत. माझे हात हलतात," ते म्हणाले.

मी मोजून ओतलं. वास डोळ्यांत गेला. नानांनी रोलची दोन टोकं धरली आणि तो त्या पाण्यातून खालीवर, खालीवर काढायला लागले. पाळणा हलवावा तसं. त्यांच्या ओठांवर आकडे होते, पण आवाज नव्हता. मिनिट संपलं तरी ते थांबेनात.

"नाना, झालं," मी म्हटलं.

"हां," ते म्हणाले. "झालं."

रोल वाळायला आमच्याच घरात टांगला, बाबांच्या कपाटासमोर, खाली चिमटा लावून. मी नवं पत्रक लिहायला घेतलं आहे. या वेळी मामाने सांगितलेलं लिहून घेतलं आहे, आणि ते बरंच लांब होणार आहे. त्या बारा डब्यांसाठी मी दोन कॉलेजांच्या प्रयोगशाळांना पत्रं पाठवली आहेत. उत्तर येईपर्यंत नाना उंच झोपणार. भास्करकाकांना आईने स्वतः फोन लावला. ती काय बोलली मला माहीत नाही, मी ऐकायला थांबले नाही.

पण सांगायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. नेहमीची दुधाची वेळ. दारात नाना होते. हातात भांडं नव्हतं. अंगात इस्त्रीचा सदरा, पिशवीत बॅटरीच्या पाण्याची बाटली. नऊच्या नऊ लग्नं धुऊन झाली होती, आणि ज्याच्याकडे जायचं असं आता त्यांच्याजवळ कुणी उरलं नव्हतं. ते पायरीवर घुटमळले. नवी ओळख करून घेणाऱ्या माणसासारखे.

"ताई," त्यांनी विचारलं, "तुमचं लग्न कोणत्या साली झालं?"

आईने साल सांगितलं.

नानांचा आवाज उतरला. "निगेटिव्ह आहेत का घरात?"

"आहेत ना," आई म्हणाली. "आत या, दाखवते. आणि दूध कुठंय तुमचं? आणलं नाहीत आज?"